बंदराचं पोट आमच्याकडे होतं

प्रति,
मा. आयुक्त,
सुरत महानगरपालिका,
मुगलीसरा, सुरत.



पत्र मराठीत लिहितो आहे आणि त्याबद्दल माफी मागत नाही. तुमच्या शिक्षण समितीच्या मराठी शाळा आहेत. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत सकाळी नळाला पाणी आलं की जी हाकाटी होते, तिच्यात अहिराणी हमखास असते. हे पत्र वाचून दाखवणारा माणूस शोधायला तुमच्या कचेरीत जिना चढावा लागणार नाही.

मी ब्राह्मणपुरीचा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. पपई आणि कापूस करतो. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि पश्चिमेला, डोळ्यांना दिसत नसली तरी, सुरत. आमच्याकडे ‘पोरगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘सुरतला असतो’ एवढं उत्तर पुरतं. काम कोणतं ते पुढे कुणी विचारत नाही. माझा थोरला भाऊ तसाच गेला, लूमवर. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली तेव्हा तोंडाला रुमाल बांधून, गाडीच्या दारात लटकत घरी आला. आईने आठ दिवस त्याची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली आणि ताट उंबऱ्यावरून आत सरकवलं. महिन्याभराने तो पुन्हा गेला. आता त्याची नातवंडं तिकडेच शिकतात.

गेल्या माघात त्यांच्यातल्याच एकाच्या जावळाला आलो होतो. एक सकाळ मोकळी मिळाली, म्हणून चौक बाजारात किल्ला बघायला गेलो. किल्ला तुम्ही झटकून-पुसून छान उभा केला आहे, त्याबद्दल मनापासून बोलतो. तो बघून झाल्यावर पुलावर गेलो आणि कठड्याला टेकून नदी बघत राहिलो. ओहोटीची वेळ होती. पाणी मधल्या पट्ट्यात आकसलेलं, आणि दोन्ही काठांना राखाडी, चकचकीत गाळ, ओल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यावर उतरत्या पाण्याने ओढलेल्या बारीक रेघा. एक बगळा पाय उचलून टाकत चालला होता आणि प्रत्येक पावलाला घोट्यापर्यंत रुतत होता. शेजारी उभ्या माणसाला विचारलं, ‘जुनं बंदर कुठं होतं?’ त्याने मगदल्ल्याच्या दिशेला हात केला. मी म्हटलं, ‘ते नवं. जुनं?’ तो माझ्याकडे बघून हसला.

म्हणून हे पत्र.

जुनं बंदर आम्ही उभे होतो तिथेच होतं. किल्ल्याच्या पायथ्यापासून नानपुऱ्यातल्या मक्काई पुलापर्यंतचा तो काठ. सुरत समुद्रावर नाही, नदीवर आहे, ही गोष्ट आमच्या पोरांना नकाशा दाखवूनही पटत नाही, कारण इतिहासाच्या पुस्तकात तिला बंदर म्हटलेलं असतं. मुखापासून वीसेक किलोमीटर आत, भरतीच्या जिवावर चालणारं हे बंदर. खंबातच्या आखाताची भरती मोठी. तिच्यावर स्वार होऊन हलकी गलबतं वर चढायची आणि ओहोटीबरोबर खाली उतरायची. मोठ्या जहाजांना मुखाशी वाळूचा दांडा आडवा यायचा. ती उत्तरेला सुवाळीच्या आडोशाला नांगर टाकून उभी राहत आणि त्यांचा माल पडावांतून किंवा गाड्यांवरून शहरात येई. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांवर तोफा डागत होते ते या सुवाळीसमोर. पुढल्याच वर्षी इंग्रजांना जहांगिराकडून वखारीची परवानगी मिळाली. गाळ त्या बंदराला पहिल्या दिवसापासून होता, आणि गाळासकट ते दोनशे वर्षं चाललं. एवढं लक्षात ठेवा, पुढे त्याकडे परत येतो.

काठावरचा किल्ला १५४० ते १५४६ या काळात गुजरातच्या सुलतानाचा सरदार खुदावंदखान याने बांधला. पोर्तुगिजांनी १५३० मध्ये सुरत आणि समोरचं रांदेर जाळून टाकलं होतं, त्याचा हा उशिरा आलेला जबाब. तीन बाजूंना खंदक, चौथ्या बाजूला तापी. दगड लोखंडी पकडींनी एकमेकांत गुंतवले आणि सांध्यांत वितळलेलं शिसं ओतलं. मी विहीर बांधली आहे. पाण्यात उभ्या राहणाऱ्या दगडाचं दुखणं मला माहीत आहे. चुना पाण्याच्या येण्या-जाण्याने सुटतो, आणि इथे तर दिवसातून दोनदा पाणी वर चढणार, दोनदा उतरणार. ज्या कारागिराला शिसं ओतायचं सुचलं त्याने आधी महिनाभर तरी काठावर बसून नदी पाहिली असेल.

किल्ल्याला लागून जकातीचं नाकं, फुरजा. परदेशी प्रवाशांनी सुरतेबद्दल जे लिहून ठेवलं त्यात समुद्रापेक्षा फुरज्यावरच्या झडतीचा राग जास्त. पेट्या उघड, कंबर चाचप, पगडी सोड. मोती आणि सोनं अंगावरून निसटतं हे मुघलांचे अंमलदार जाणून होते. त्याच काठावरून दर साली हजचे यात्रेकरू निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत.

आणि तुमची कचेरी! शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, प्रवाशांसाठी बांधलेली ती सराई. १८६७ पासून तिथे नगरपालिका बसते. ज्या चौकात यात्रेकरू वळकटी उशाला घेऊन गलबताची वाट बघत बसत, तिथे आज लोक जन्मदाखल्याची आणि घरपट्टीची वाट बघतात. बंदराच्या जुन्या इमारतींपैकी जिचं काम बंद पडलं नाही अशी बहुधा तुमचीच एक, आणि तिच्यात बसणाऱ्याला हे पत्र लिहिण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे: तुम्हाला बंदर समजावून सांगायला लांब जावं लागत नाही.

बाकीच्यांचं मी झरझर सांगतो. शिवाजीमहाराजांच्या स्वारीच्या वेळी गावाभोवती मातीचा कोट होता. तो पाडून विटांचा बांधला, पुढे त्याच्याही बाहेर दुसरा घातला, आतला शहरपनाह आणि बाहेरचा आलमपनाह. कतारगामच्या बाजूला इंग्रजांच्या आणि डचांच्या कबरी. इंग्रजांचा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला, फॉन ऱ्हीडे हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करवून घेणारा डच अधिकारी १६९१ मध्ये. दोघांचेही घुमट मुसलमानी वळणाचे. ख्रिस्ती माणूस सुरतेत मेला की नवाबासारखा निजायचा. मोठेपणाची दुसरी भाषा गावातल्या गवंड्याला येत नव्हती आणि सावकाराला कळत नव्हती. घरं मात्र लाकडाची, मागे डांगचं सागवान असल्यावर दुसरं काय असणार. १८३७ च्या उन्हाळ्यात त्या लाकडाने पेट घेतला आणि निम्मं शहर गेलं. त्याच साली पावसाळ्यात तापी आत आली. आधी आग आणि मग पूर, एका वर्षात.

आता मुद्द्यावर येतो. मराठी माणसाला सुरत म्हटलं की एकच शब्द सुचतो: लूट. जानेवारी १६६४ चे चार-पाच दिवस, आणि मग ऑक्टोबर १६७०. बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडलेला महाराजांचा तळ, किल्ल्यात दडून बसलेला मुघल अंमलदार इनायतखान, हे आम्हाला चौथीपासून पाठ. अलीकडे जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातले बंडखोर आमदार तिकडे गेले तेव्हा चार दिवस पुन्हा सगळ्यांना सुरत आठवली. पण त्या पाच दिवसांच्या मागेपुढे दोनशे वर्षं होती आणि त्यातला रोजचा दिवस काय होता? बैल. कापसाचे, निळीचे, कापडाचे गठ्ठे पाठीवर घेतलेले लमाणांचे बैल, आणि त्यांच्या मागे गाड्या. नदी आमच्याकडे नावांच्या कामाची नाही. खडक, डोह, मध्येच उथळ धार, पैलतीराला नेणारी होडी तेवढी खरी. त्यामुळे तापीचा माल तापीवरून आलाच नाही, तापीच्या कडेने आला. बऱ्हाणपूर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूरची खोरी, आणि मग सुरत. टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूरला पोचला. सरकारी लवाजम्याला पंधरा दिवस. भरलेल्या बैलाला किती ते बैलवाल्याला विचारा.

माझं गाव त्या वाटेच्या ऐन तोंडावर नव्हतं. पण आमच्याच तालुक्यात सुलतानपूर आहे. आज तिथे पडके अवशेष आणि शेतं दिसतात; एके काळी सुलतानपूर-नंदुरबारसाठी गुजरातचे सुलतान आणि बऱ्हाणपूरचे फारुकी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे गळे धरत होते. नुसत्या ज्वारीसाठी कुणी एवढं भांडत नाही. ही जोडगावं ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदराकडे उतरणाऱ्या मालाचं मनगट. आणि तुमच्या शहरातल्या गजबजलेल्या भागळचं जुनं नाव काय? बऱ्हाणपुरी भागळ. भागळ म्हणजे गावाची वेस. वेशीला नाव पडतं ते तिच्यातून येणाऱ्या वाटेचं.

तापीचं खोरं साधारण ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्यातलं ५१,५०४ महाराष्ट्रात. गुजरातच्या वाट्याला चार हजारांहूनही कमी, पण तोंड तुमच्याकडे. बंदराचं तोंड काठावर दिसतं म्हणून सगळे तोंडाबद्दल बोलतात. पोट वर आमच्याकडे होतं. पोटाला काही झालं की तोंड कसं सुकायचं ते सुरतेच्या इतिहासात दोनदा स्वच्छ दिसतं.

एकदा १६३० मध्ये. पाऊस गेला आणि दख्खन, खानदेश, गुजरात असा सलग दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज कारकून त्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्याला निघाला होता. नंदुरबारच्या वाटेवर त्याने जे लिहून ठेवलं ते वाचवत नाही. तंबू ठोकायला जागा शोधायची तर आधी प्रेतं टाळायची. समुद्र जिथल्या तिथे होता, भरती वेळेवर येत होती, मुखाशी गाळ होता तेवढाच होता. पण विणकर मेले, कापूस पिकला नाही, बैल उरले नाहीत, आणि बंदर कितीतरी वर्षं पांगळं झालं.

दुसऱ्यांदा अठराव्या शतकात. इतिहासकार अशीन दास गुप्ता यांनी सुरतेच्या ऱ्हासावर १९७९ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं आहे. १७०१ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांची ११२ जहाजं होती, १७५० च्या सुमाराला वीसेक उरली. लोक याचं कारण गाळ सांगतात, नाहीतर मुंबई. मुंबईने खाल्लं हे खरंच. इंग्रजांनी १६८७ मध्ये मुख्य ठाणं तिकडे हलवलं, आणि १७३६ मध्ये लवजी वाडिया हा सुरतेचा जहाज बांधणारा कारागीर मुंबईला गेला तेव्हा बंदराचा उजवा हातच गेला. पण दास गुप्ता बोट ठेवतात ते मागच्या वाटांवर. मुघल अंमल ढासळला, वाटा बंद पडल्या, आतला माल काठापर्यंत पोचेना. आणि वाटा बंद करणाऱ्यांत आमचेच लोक होते हे मराठीत लिहिताना लपवणार नाही. दाभाडे, गायकवाड यांची पथकं. पिलाजी गायकवाड तर सोनगडावर बसून सुरतेच्या नाकातोंडाशीच वसुली करत होता. चौथाई बंदराकडून मागायची आणि बंदराला जिच्यातून रक्त जातं ती वाट आवळायची, हा हिशेब मला कधी उमगला नाही. दुभत्या गाईचा चारा तोडून कुणी दूध वाढवलं आहे?

म्हणजे सुरतेच्या बंदराला फक्त गाळाने मारलेलं नाही. आज पुलावरून दिसतो त्या गाळाची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार. १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं. त्याच्या फुगवट्यात आमच्या जिल्ह्यातली, नवापूरकडची गावंही गेली. १९९५ मध्ये तुम्ही सिंगणपूरला बंधारा घातला आणि वरचं गोडं पाणी शहराला पाजलं. खाली राहिली नुसती भरती-ओहोटी. भरती गाळ घेऊन येते, आणि तो ढकलून समुद्रात टाकायला पावसाळा सोडला तर नदीत जोर नाही. आमच्याकडेही प्रकाशाला आणि सारंगखेड्याला बॅरेज झालीच. मी त्याच पाण्यावर पपई करतो, तेव्हा तोंड वर करून बोलायला मला जागा नाही. पण ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि तुमचं शहर बुडालं, तेव्हा भावाने घराच्या माळ्यावरून फोन केला होता. पहिला प्रश्न: ‘तिकडं पाऊस थांबला का?’ सुरतेचा पूर कुठून सुरू होतो ते लिंबायतच्या माळ्यावर बसलेल्या खानदेशी माणसाला कुणी शिकवावं लागलं नाही.

तापी रिव्हरफ्रंटची चर्चा तुमच्या शहरात बरीच वर्षं चालू आहे. पायवाटा, कठडे, दिवे, बाग. होऊ द्या, लोकांना संध्याकाळी वारा खायला जागा हवीच. माझी विनंती आहे ती किल्ला ते मक्काई पूल या तुकड्यापुरती. तिथे काँक्रीट ओतण्याआधी तो काठ जाणकारांकडून मोजून आणि खणून घ्या. जिथे दोनशे वर्षं पडाव लागले, हमालांच्या पाठी वाकल्या, तिथे गाळाखाली पायऱ्या, दगडी धक्का, लाकडी खुंट यांतलं काही ना काही असणार. आमच्या प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणलं तोवर गावाला वाटायचं की आपल्याकडे फक्त केदारेश्वर आहे. खाली ताम्रपाषाण युगातली माणसं निघाली, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. (तुमच्याकडे सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण म्हणतात ना? प्रकाशाला आम्ही दक्षिण काशी म्हणतो. एकाच नदीवर दोन्ही सोयी आहेत, मधलं अंतर तेवढं पार करायचं.)

आणि तो काठ मोकळा ठेवलात तर तिथे एक दगड रोवा. मोठा पुतळा नको, तोफ नको, तोफा किल्ल्यात आहेत. दगडावर तापी कोरा, मुलताईपासून समुद्रापर्यंत सगळी ७२४ किलोमीटर. मुलताई, बऱ्हाणपूर, थाळनेर, सारंगखेडा, प्रकाशा, उकाई, रांदेर, सुरत, सुवाळी. नदीपासून जरा दूर असलं तरी नंदुरबार घाला, कारण वाट त्याच्यावरून गेली. सुलतानपूरला ठिपका दिलात तर मी तुमचा आयुष्यभर ऋणी राहीन, पण ठिपका नाही मिळाला तरी भांडणार नाही. नावं गुजरातीत आणि मराठीत कोरा. इंग्रजी तुम्ही घालालच. काठाच्या त्या तुकड्याला रिव्हरफ्रंटचा अमुक टप्पा म्हणण्याऐवजी फुरजा म्हणा. शब्द तुमच्याच गावचा आहे आणि त्याला नामकरणाचा ठराव लागला तर तो फार वादाचा होईल असं वाटत नाही.

खर्चाचं म्हणाल तर दगड आम्ही देऊ. तापीचा काळा दगड शोधायला मला प्रकाशापर्यंतसुद्धा जावं लागणार नाही, माझ्या बांधावरच एक पडला आहे. पूर्वी त्यावर बैल पाठ घासायचे, त्यामुळे त्याची एक बाजू आपसूक गुळगुळीत झाली आहे. कोरायला बरी पडेल. पपईच्या गाड्या आमच्याकडून निघतात त्या बहुतेक दिल्लीकडे, पण सुरतेकडे येणारं वाहन सापडेल, नाहीतर दोंडाईच्याहून रेल्वे आहेच. तापी व्हॅलीची ती लाइन १९०० च्या सुमाराला टाकली ती अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी. नकाशा काढून बघा, लमाणांच्या बैलांची वाटच तिने बऱ्याच ठिकाणी धरलेली आहे.

दिवाळीनंतर भावाकडे येणार आहे. आमच्या गावची पोरं घरपट्टी भरायला मुगलीसऱ्यात येतात तेव्हा कोणत्या खिडकीला उभी राहतात ते मला माहीत आहे. तिथे थांबतो. दहा मिनिटं द्या, आणि शक्य असेल तर ओहोटीच्या वेळेची द्या, म्हणजे पुलावर जाऊन दाखवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ब्राह्मणपुरीचा एक शेतकरी
ता. शहादा, जि. नंदुरबार